परतीची तार

चिपळूणला माझ्या माहेरच्या अंगणात एक जुनी गाडी उभी असते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1998 साली नवी घेतली. डिझेलवर चालणारी, उंच, चौकोनी आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना जोर देता येणारी. अशा गाड्यांना आज एसयूव्ही म्हणतात. त्या काळी आमच्या आळीत तिला सरसकट जीपच म्हणत. आंब्याच्या पेट्या, गणपतीची मूर्ती, शेजारची अडलेली बाळंतीण अशा सगळ्यांची ने-आण तिने केली. लग्नानंतर मला कराडला पोचवायलाही तीच आली होती.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या हिशेबाने 2013, 2018 आणि 2023 अशी तीनदा या गाडीची परीक्षा झाली. एप्रिल 2022 पासून या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5000 रुपयांवर गेले, तेव्हा मी अण्णांना म्हटले, "विकून टाकू या." वर्तमानपत्रातून डोके वर न काढता अण्णा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होतो.

परंतु या गाडीची खरी परीक्षा नोंदणीच्या कार्यालयात झाली नाही. ती झाली 22 जुलै 2021 रोजी. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. 2005 चा पूर पाहिलेली माणसेही या वेळी हबकली. अण्णा आणि आई वरच्या मजल्यावर गेले. गाडी अंगणात राहिली. मी शंभर किलोमीटरवर कराडला होते. पाटण तालुक्यात दरडी कोसळल्याच्या बातम्या येत होत्या आणि चिपळूणचा फोन लागत नव्हता. अखेर तो लागला तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "आम्ही ठीक आहोत. गाडीत पाणी गेलंय." मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते वाक्य जसेच्या तसे खरे मानले.

गाडी वाचवली ती आमच्या मिस्त्रीमामांनी. गेली वीस-बावीस वर्षे तिला त्यांच्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. पाणी ओसरल्यावर त्यांनी अण्णांना पहिली ताकीद दिली ती किल्ली न फिरवण्याची. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी नोझल काढून पाणी बाहेर घालवले, टाकीतले डिझेल ओतून दिले. गिअरबॉक्समधले ऑइल दुधाळ चहासारखे झाले होते, तेही बदलले. चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरले. आठव्या दिवशी इंजिन सुरू झाले. जुन्या बनावटीची गाडी, तिला संगणक नाही, म्हणूनच ती वाचली असे ते म्हणाले. पुढे करायच्या कामांची त्यांनी एक यादी करून दिली. खर्च मी करणार होते, म्हणून ती मी वाचली, काही कामांना होकार दिला, काही मागे ठेवली आणि कराडला परतले.

यंत्राचा बिघाड आणि विजेचा बिघाड यांत एक फरक आहे. यंत्राचा बिघाड बहुधा बोलतो. बेअरिंग गेले तर घरघरते, कमानीचा पाटा तुटला तर गाडी एका अंगाला झुकते, क्लच झिजला तर चढावर इंजिन नुसते ओरडते. विजेचा बिघाड मात्र दडून बसतो. पाणी आत जाते, वाळते, आणि तांब्याला खायला सुरुवात करते. हे काम वर्ष-दोन वर्षे निमूटपणे चालते. मग जे बिघडते ते भलत्याच ठिकाणी दिसते.

आमच्या गाडीत ते 2023 च्या पावसाळ्याअखेर दिसू लागले. सकाळी किल्ली फिरवावी तर सेल्फ फिरण्याऐवजी नुसता 'टक' असा आवाज येई. पाचव्या वेळी गाडी निमूट सुरू होई. बॅटरी बसू लागली. आणि या सगळ्याशी काही संबंध नसल्यासारखी ॲक्सिलरेटरची केबल जड झाली. पाय उचलला तरी इंजिनाचा वेग उतरेना.

मिस्त्रीमामांनी बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाले, "बाय, दोन दिवस गाडी माझ्याकडे सोड. खालून बघायला हवी." मला दोन दिवसांची रजा नव्हती. अण्णांच्या हृदयाची तपासणी कराडला ठरलेली होती, डोक्यात दहा कामे होती. मी अंगणातच, शेजारीपाजारी ऐकत असताना, बोलून गेले, "पुराच्या वेळी तुम्ही वरवर काम केलंत मामा, आणि त्याची किंमत आता आम्ही मोजतोय." त्यांनी हातातल्या फडक्याला बोटे पुसली, हत्यारांची पिशवी उचलली आणि ते निघून गेले. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मला संमती वाटली.

गाडी मी दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या कार्यशाळेत नेली. तिथे चकचकीत फरशी होती, छापील बिल होते. त्यांनी नवी बॅटरी बसवली, नवा अल्टरनेटर बसवला, सेल्फही बदलला. ॲक्सिलरेटरची केबल नवी घातली. बाविसेक हजार रुपये झाले. मी अर्थिंगबद्दलही विचारले होते. तिथल्या मुलाने मीटरची दोन टोके लावली, मीटरने शिट्टी दिली. "जोडणी आहे, मॅडम," तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. मी समाधानाने पैसे दिले.

नोव्हेंबरात अण्णांना तपासणीसाठी कराडला आणले, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांना परत पोचवायला मी त्याच गाडीतून निघाले. हेळवाक मागे पडले, कुंभार्ली घाटाची उतरण सुरू झाली, आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा तांबडा दिवा मिणमिणू लागला. पुढचे दिवे पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे तांबूस. देवापुढच्या निरांजनाइतका उजेड राहिला तेव्हा एका रुंद वळणावर मी गाडी कडेला घेतली आणि सवयीने इंजिनही बंद केले. पुन्हा किल्ली फिरवली. टक.

माझ्या फोनला रेंज नव्हती. अण्णांच्या फोनला जेमतेम होती. त्यांनी कोणाला फोन लावला हे मला पहिल्या वाक्यातच कळले. "मिस्त्री, आम्ही घाटात अडकलोय." एवढेच. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. विचारण्याचा मला अधिकारही नव्हता.

त्यानंतरचा सव्वा तास आम्ही अंधारात बसून काढला. अधूनमधून एखादा ट्रक जाई, त्याच्या उजेडात अण्णांचा चेहरा दिसे आणि पुन्हा नाहीसा होई. बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलू लागले.

"पुराच्या दिवशी हिचे दिवे लागले होते," ते म्हणाले.

"कोणाचे?"

"हिचेच. पाणी बॉनेटवर आलं, आणि किल्ली घरात असताना हिचे दिवे आपोआप लागले. गढूळ पाण्याखाली दोन पिवळे ठिपके. मग हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. मी वरच्या खिडकीत उभा. तुझी आई विचारत होती, कोण वाजवतंय? मी म्हटलं, असेल कोणीतरी रस्त्यावर. रस्ता कुठे होता? खूप वेळ वाजत होता. मग घोगरा झाला. मग बंद."

पाणी शिरले की तारा एकमेकींना नको तिथे जोडल्या जातात आणि बुडालेल्या गाड्यांचे दिवे व हॉर्न असे आपोआप सुरू होतात, हे मला ठाऊक होते. मी ते सांगितलेही. अण्णा म्हणाले, "ते मिस्त्रींनीही सांगितलं. पण त्या वेळी मला वाटलं, आता पाणी जिना चढणार." थोडे थांबून ते म्हणाले, "अजून पावसात हॉर्न ऐकला की झोप जाते."

दोन वर्षे मी रोज रात्री त्यांना फोन करत होते. "कसे आहात?" "ठीक आहोत." एकही दिवस चुकला नव्हता.

मिस्त्रीमामा स्कूटरवरून आले. वीस-पंचवीस किलोमीटर, रात्री, साठी उलटलेला माणूस. त्यांनी अण्णांना पाणी प्यायला दिले आणि मला म्हणाले, "बाय, एकदा सेल्फ मार." मी किल्ली फिरवली. टक. त्यांनी कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात इंजिनावर हात फिरवला, आणि एका ठिकाणी तो थांबला.

"इकडे ये. हात लाव."

ती ॲक्सिलरेटरची केबल होती. ती चांगलीच गरम लागत होती.

"ॲक्सिलरेटरच्या तारेचा विजेशी काय संबंध?" त्यांनी विचारले. पुढे आपणच सांगितले, "काही नाही. मग ती गरम का? कारण विजेला तिचा रस्ता मिळत नाही म्हणून ती हिच्यातून जातेय."

मग त्यांनी उतारावर गाडी सोडायला लावली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिनाने पकड घेतली. गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून, त्यांनी पिशवीतून एक जाड वायर काढली. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिनाच्या अंगाला लावले. त्याच क्षणी पुढचे दिवे उजळले आणि समोरचा कठडा, झाडे, वळणाची पाटी सारे लख्ख दिसू लागले. एकही नवा भाग बसवलेला नव्हता.

मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नसतात. बॅटरीकडून वीज घेऊन जाणारी एकच तार असते. परत येण्यासाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला जातो. इंजिन मात्र रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी एक पट्टी असते, तांब्याच्या बारीक तारांची विणलेली वेणीच. सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर याच वाटेने परततात; अल्टरनेटरने बॅटरी भरायची तीही याच वाटेने. आमच्या गाडीतली ती वेणी पुराच्या चिखलात खालच्या बाजूला सडत गेली होती. दुसऱ्या दिवशी मामांनी ती काढली तेव्हा तिच्यातून हिरवी पूड गळली. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "कळकलीय की." कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसा तो कळंक होता.

वेणीतल्या चार-दोन तारा तेवढ्या शाबूत होत्या. मीटरला शिट्टी द्यायला एक तारही पुरते; कारण मीटर जेमतेम नावापुरती वीज सोडतो. जोडणी आहे की नाही एवढेच तो सांगतो. ती किती भार सोसेल, हे भार घातल्यावरच कळते. मामा म्हणाले, "दिव्याकडे जाते ती वायर सगळे बघतात. परत येते ती कोणी बघत नाही."

ते माझ्या बोलण्याविषयी काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपे गेले असते.

त्या आठवड्यात गाडीचे कागद लावताना 2021 ची ती यादी हाती आली. मामांचे तिरपे अक्षर, चौदा कामे. शेवटच्या चार कामांपुढे माझ्या हाताने लिहिलेले होते, 'नंतर'. त्यांतले तेरावे काम होते: 'इंजिनाची अर्थ पट्टी, 1 नग, 200 रुपये.'

ती यादी घेऊन मी त्यांच्या गॅरेजवर गेले. गॅरेज मी शेकडो वेळा पाहिले होते. परंतु भिंतीवरची पुराची रेघ त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. ती माझ्या डोक्यावर होती. त्या पाण्यात त्यांची हत्यारेही बुडाली होती. पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते आमची गाडी धूत होते, तेव्हा त्यांच्या गॅरेजातला चिखल कोण काढत होते, हे मी कधी विचारले नव्हते.

"मामा, माझं चुकलं," मी म्हटले आणि यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली नाही. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "पण तेव्हा तुझेही हात आखडलेलेच होते." मग गाडीखालून ते म्हणाले, "तो चौदाचा पाना दे."

गाडी अजून आहे. डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडते, पावसात वायपर मध्येच थांबतो. दर सहा महिन्यांनी मी गाडीखाली शिरून ती पट्टी पाहते, बोल्ट आवळते, वर ग्रीस चोपडते. रात्रीचा फोनही चालू आहे. अण्णा म्हणतात, "ठीक आहोत." पूर्वी मी तिथे फोन ठेवत असे. आता विचारते, "झोप लागली का काल?" पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मी थांबते.