आईचे हात

गेल्या वर्षी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटल शहरातलंच. सहाव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं, ताप चढला, आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून रात्रीच्या बसने निघालो.

कल्चर रिपोर्ट व्हॉट्सॅपवर आला. जंतूचं नाव क्लेबसिएला न्यूमोनी. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेमपुढेही आर. उरलं कोलिस्टीन: मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून कधीकाळी बाजूला टाकलेलं जुनं औषध. रोज सकाळी आम्ही क्रिएटिनिनचा आकडा विचारायचो.

आई बाहेरच्या बाकावर बसून एकच म्हणत होती, "ड्रेसिंग सरकलं होतं रे, मी हाताने नीट केलं. माझ्याच हाताने झालं."

रात्री मी वाचत बसायचो. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात असाच क्लेबसिएला सापडला. त्याच्याकडे मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम होतं. त्याला नाव पडलं एनडीएम-1. 2010 मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडचे असे 24 जंतू तपासल्याचं छापलं. 22 मध्ये तेच जनुक होतं. हे जनुक बहुतेकदा प्लाझमिडवर असतं, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर. एक जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. आम्ही एका प्रोजेक्टमधला कोड दुसऱ्यात चिकटवतो ना, तसं.

शेजारच्या बेडवरच्या काकांचा रिपोर्टही हुबेहूब बाबांसारखा होता. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे जंतू एकच ना?"

"असेल, नसेलही. टायपिंग केल्याशिवाय सांगता येत नाही. ते इथे होत नाही, आणि त्याने तुमच्या वडिलांचं औषधही बदलणार नाही."

मुद्दा मला लगेच कळला. दोन प्रोग्रामचं आउटपुट सारखं आलं म्हणून कोड एकच असतो असं नाही. टायपिंगमध्ये कोड बघतात. जंतूची ठरलेली सात जनुकं वाचायची, प्रत्येकाच्या रूपाला एक क्रमांक, सात क्रमांकांवरून जंतूचा प्रकार. आणखी बारकाईने बघायचं तर अख्खा जीनोम वाचून किती अक्षरं वेगळी आहेत ते मोजायचं. फारच थोडी वेगळी निघाली, तर जंतू वॉर्डातच फिरतोय असा दाट संशय घेता येतो. मग सिंक, नळ्या, ट्रॉली, सगळ्यांचे हात तपासता येतात. बाबांना त्याचा उपयोग नव्हता. पण त्या बेडवर नंतर येणाऱ्याला होता.

आणि आईला होता. टायपिंगने कुणाचे हात ते कळलं नसतंच. पण दोन्ही जंतू एक निघाले असते, तर गोष्ट तिच्या एकटीच्या हातांची राहिली नसती.

बाबा घरी आले. आता वॉकर घेऊन गच्चीपर्यंत जातात. आई अजून त्यांना ताट द्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुते. परवा मी म्हटलं, "आई, असला जंतू सहसा हॉस्पिटलातच मिळतो. तुझ्यामुळे नाही झालं."

तिने नळ बंद केला. "सहसा म्हणजे?"