गाडी ऑइल खाते म्हणजे काय?

गॅरेजच्या भाषेत गाडी ऑइल ‘खाते’. हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. खाणे हा स्वभाव झाला आणि स्वभावाला औषध नसते. म्हणून एक तर ऑइल घालत राहायचे, नाही तर इंजिन उघडून सगळेच बदलून टाकायचे. ऑइल नेमके कुठे, केव्हा आणि किती जाते, हे विचारायला त्या शब्दात जागा उरत नाही.

माझ्या एक सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या डर्ट बाइकच्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल मावते. तेवढ्यावरच क्रँक, कॅम, गिअर आणि क्लच यांचे भागायचे असते. पाचशे किलोमीटरला त्यातले दोनशे मिलिलिटर जाऊ लागले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “रिंगा गेल्या, साहेब. हाफ इंजिन करून टाकू.” त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी असते, आणि सगळेच नवे घातले की तक्रार परत येत नाही. पण बोअर एकदा वाढवला की कापलेला धातू पुन्हा मिळत नाही. बिडाच्या लायनरला पाव-पाव मिलिमीटरने मोजकेच ओव्हरसाइज असतात. त्यांतला एक अंदाजावर खर्च करावा, हे मला पटेना. मी त्यांच्याकडून काही दिवस मागून घेतले.

ऑइल जायला वाटा तीनच. ते बाहेर गळते, ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये जाते किंवा जळते. गळती असती तर धुतलेल्या इंजिनावर धूळ चिकटून डाग उठला असता, तो नव्हता. एअरबॉक्सही कोरडा होता. म्हणजे ऑइल जळत होते. प्रत्येक वेळी मोजताना गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी ठेवत होतो. ऑइलला पेट्रोलचा वास येतो का, तेही पाहत होतो. कारण पेट्रोल मिसळले की पातळी भरलेली दिसते आणि खरी घट लपते.

आता प्रश्न एवढाच, की ते जळते केव्हा? रिंगा झिजल्या असतील तर निळसर धूर जोर लावताना, चढावर दिसतो. व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर रात्रभर झिरपलेले ऑइल सकाळच्या पहिल्या किकला धुराचा लोट होऊन येते. तसेच थ्रॉटल मिटून लांब उतार उतरताना सिलिंडरमधील निर्वात ऑइल ओढून घेतो आणि थ्रॉटल पुन्हा उघडताच ते बाहेर पडते. माझी गाडी चढावर स्वच्छ होती. सकाळी आणि उताराच्या पायथ्याशी मात्र धूर होता.

तरीही डोळ्यांवर विसंबलो नाही. थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजले, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगा सैल असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. तो फारसा हलला नाही. (किक हलकी करण्यासाठी काही इंजिनांत डिकॉम्प्रेशनची सोय असते. तिथे हा आकडा फसवतो. हवा भरून ती कुठून फुसफुसते, हे ऐकणे अधिक खात्रीचे.) एअर फिल्टरच्या आतल्या बाजूलाही बोट फिरवून पाहिले. मातीवर चालणाऱ्या गाडीत रिंगा आणि बोअर झिजण्याचे मोठे कारण म्हणजे फिल्टरमागे शिरलेली धूळ. बोट स्वच्छ निघाले.

मग मिस्त्रींनी हेड उतरवले. बोअरवरच्या होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा शाबूत होत्या. त्यांनी लायनरच्या वरच्या काठावर नखाने धार चाचपली. ती लागेना, तेव्हा काही न बोलता त्यांनी पिस्टनची नवी खोकी बाजूला ठेवली. व्हॉल्व्हचे सील काढले, तर त्यांचे रबर बोटांत मोडले.

निदानाला पैसे मोजायची आपल्याला सवय नाही. सुटे भाग दिसतात, त्यांचे बिल होते. विचार करण्यात गेलेला वेळ कुणाच्या बिलात येत नाही. मग मिस्त्री घाईने निकाल देतात, यात नवल ते काय? त्या दिवशी मी त्यांना हाफ इंजिनाची पूर्ण मजुरी देऊ केली. त्यांनी निम्मीच घेतली, आणि डिपस्टिकवरची आजची खूण तारखेसह लिहून ठेवायला सांगितले.