बाईंचा जुना पत्ता

ई-मेलच्या पत्त्यावरून मी माणसं जोखत होते, हे एकदा लिहून टाकलेलं बरं. मी दिवाळी अंकाचं संपादन करते. पावसाळा सुरू झाला की साहित्य यायला लागतं. जीमेलवरून आलेली कथा मी त्याच दिवशी उघडायची. रेडिफमेल, याहू किंवा हॉटमेलचा पत्ता दिसला, की 'नंतर बघू'. मनात चित्र ठरलेलं असायचं: जुन्या वळणाचं लेखन असणार, फॉन्ट उघडणार नाही, फोन करून पुन्हा मागवावं लागणार. कधी तसं व्हायचंही आणि माझा समज आणखी घट्ट व्हायचा. जीमेलवरून आलेल्या फाइलीही उघडायच्या नाहीत, पण त्याचा दोष मी कधी पत्त्याला दिला नाही.

हा समज कुठून आला ते मला माहीत आहे. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आलं तेव्हा हॉटमेलवर 2 एमबी आणि याहूवर 4 एमबी जागा मिळत होती. दोन-चार फोटो आले की खातं भरायचं आणि जुनी पत्रं पुसत बसावं लागायचं. जीमेलने एकदम 1 जीबी देऊ केली. तारखेमुळे अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. त्यात आमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे. ते सर्वांसाठी खुलं व्हायला 2007 उजाडलं. मला आमंत्रण आलं तेव्हा चारचौघांना सांगत फिरले होते. सोय खरोखरच चांगली होती, आजही आहे. हवं ते पत्र क्षणात सापडतं, एका विषयाची उत्तरं एकाखाली एक दिसतात. पण तेवढ्यावरून मी पुढची आणि जुन्या खात्यावर राहिलेला माणूस मागासलेला, हे मी कसं ठरवलं? जागा एका कंपनीने फुकट दिली होती आणि तोरा मी मिरवत होते.

आमच्या अंकात वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या एक कथालेखिका सातारा जिल्ह्यात राहतात. निवृत्त शिक्षिका आहेत, गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही. पत्ता रेडिफमेलचा. मुद्रितं घेऊन त्यांच्याकडे गेले असताना मी म्हणाले, "बाई, तुम्हाला जीमेलचं खातं काढून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

"काढ की," त्या म्हणाल्या. संगणक माझ्याकडे वळवला आणि चहा टाकायला गेल्या. त्या येईपर्यंत खातं तयार होतं. मी उत्साहाने सांगितलं, "आता जुनं बंद करू. पत्ता बदलला म्हणून सगळ्यांना एक मेल टाकते."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"तुमच्या यादीत आहेत त्यांना."

"यादीतल्यांकडे माझा फोन आहे गं. ज्यांचा पत्ता माझ्याकडे नाही, त्यांना कसं कळवशील?"

मला प्रश्नच कळला नाही. बाई उठल्या, कपाटातून आमचे जुने अंक काढले आणि एकेक कथा शेवटच्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवत गेल्या. प्रत्येक कथेखाली बारीक टायपात तोच रेडिफमेलचा पत्ता. तो मीच छापला होता. मग त्यांनी एक पत्र उघडून दाखवलं. कुठल्याशा गावच्या वाचनालयात एका वाचकाला आमचा जुना अंक मिळाला होता. कथेतल्या पाणवठ्याचं वर्णन वाचून त्याला आपलं आजोळ आठवलं, म्हणून त्याने लिहिलं होतं. अंक छापून कितीतरी वर्षं झाली होती. "हा माणूस मला कुठे शोधणार होता?" बाईंनी विचारलं. सुरात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या.

मी बराच वेळ बोलले नाही. पत्रं ठेवायची जागा माझ्या सोयीची असते, पण पत्ता दुसऱ्याच्या हातात असतो. मी इतकी वर्षं फक्त जागा मोजत आले होते. लेखकाच्या नावाखाली पत्ता छापणं हे माझं रोजचं काम, आणि तो कशासाठी छापायचा असतो हे मला बाईंच्या घरी बसून कळावं! त्यांचं साहित्य मी 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकत होते, तेही तिथेच आठवलं. त्यांना मी ते सांगितलं नाही. आज इथे सांगते आहे.

त्यानंतर या फुकट सेवांकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. जागेचा प्रश्न आता उरलेलाच नाही. जीमेल आणि आउटलुक दोन्हीकडे 15 जीबी फुकट मिळते. जाहिराती नकोत तर आपल्याकडच्या झोहोचं किंवा स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचं फुकट खातं आहे. पण पत्त्याचं कोण काय करतं हे पाहिलं की फरक कळतो. हॉटमेलचं 2013 पर्यंत आउटलुक झालं, तरी जुने हॉटमेलचे पत्ते चालू राहिले. उलट याहूने त्याच वर्षी, वर्षभर न वापरलेली नावं दुसऱ्यांना द्यायला सुरुवात केली आणि काही नव्या मालकांना आधीच्या माणसाची खासगी पत्रं येऊ लागली. त्याच 2013 मध्ये याहूची सगळी 3 अब्ज खाती फुटली होती, हे कंपनीने 2017 मध्ये मान्य केलं. गूगल आता दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. बाईंच्या रेडिफचाही निम्म्याहून जास्त हिस्सा 2024 मध्ये इन्फिबीम या कंपनीकडे गेला. तेव्हा जुनं ते सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही.

मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो, ही सोय देशभर 2011 पासून आहे. फुकट ई-मेलला ती नाही. कंपनी सोडली की पत्ता तिथेच राहतो. आपल्या नावाचं डोमेन घेऊन दरवर्षी पैसे भरले, तरच पत्ता आपल्याबरोबर येतो. आमच्या अंकासाठी आम्ही आता तसं डोमेन घेतलं आहे. आलेलं साहित्यही मी आल्या क्रमाने वाचते.

तुमचं एखादं जुनं खातं असेल, तर आज त्यात एकदा लॉगइन करा. पासवर्ड विसरल्यावर ज्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो नंबर अजून तुमचाच आहे ना, तेही पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नवा पत्ता काढून द्यायच्या आधी, जुन्या पत्त्यावर त्यांना कोण लिहितं ते विचारा.