तहान लागण्याआधीची विहीर

रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटोपलेली असतात. पुण्यातल्या एखाद्या घरात कुणीतरी रिमोटवर ‘प्ले’ दाबतं आणि दोन-तीन सेकंदांत सिनेमा सुरू होतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना त्या वेळी एवढंच ठाऊक असतं की खरं काम आदल्या रात्रीच उरकलेलं आहे.

हिशेब सोपा आहे. चांगल्या चित्राला सेकंदाला 5 मेगाबिट धरले, तर एक लाख प्रेक्षकांना सेकंदाला 500 गिगाबिट लागतात. हा लोंढा एकाच डेटा सेंटरमधून सोडला, तर कितीही सर्व्हर वाढवा, वाटेतल्या तारा तुंबणारच. म्हणून सिनेमाच प्रेक्षकाच्या जवळ नेऊन ठेवावा लागतो.

नेटफ्लिक्सला हा धडा टप्प्याटप्प्याने मिळाला. ऑगस्ट 2008 मध्ये त्यांचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता. तो अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर हलवायला सात वर्षं लागली. जानेवारी 2016 मध्ये ते काम संपलं आणि त्याच महिन्यात सेवा भारतातही सुरू झाली. लॉग-इन, शिफारशी, कोण कुठे थांबलं होतं याची नोंद, हे सारं क्लाउडवर चालतं. सिनेमा मात्र तिथून येत नाही.

तो येतो ‘ओपन कनेक्ट’च्या पेट्यांतून. 2012 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत नेटफ्लिक्सचे सर्व्हर थेट इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या रॅकमध्ये बसतात. उद्या त्या भागात काय पाहिलं जाईल याचा अंदाज बांधायचा आणि पहाटेच्या शांत वेळी पेटी भरून ठेवायची. तहान लागल्यावर विहीर खणायला इथे कुणाला सवड नसते. पेटीत फ्रीबीएसडी ही प्रणाली आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालतो. 2021 मध्ये अशा एकाच सर्व्हरमधून सेकंदाला 400 गिगाबिट कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) व्हिडिओ बाहेर पाठवून दाखवण्यात आला. वरच्या हिशेबाने हे ऐंशी हजार प्रेक्षक झाले! डिस्कवरचा मजकूर मेमरीत पुन्हा पुन्हा इकडून तिकडे उतरवण्याचा खटाटोप टाळला, कूटबद्ध करण्याचं काम आधी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आणि मग नेटवर्क कार्डावर नेलं, त्यातून हे साधलं. मला हा आकडा आजही थक्क करतो.

पेटीला फार डोकं चालवावं लागत नाही, हे त्या रचनेचं बळ. प्रत्येक सिनेमा वेगवेगळ्या दर्जांत आधीच एन्कोड करून काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो. नेट मंदावलं की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागायचा, हे टीव्हीतला प्लेअर ठरवतो. सर्व्हरने फक्त मागितलेला तुकडा द्यायचा.

थेट प्रक्षेपणात ही सोय नाही, कारण जे अजून घडलंच नाही ते रात्री भरून कसं ठेवणार? जुलै 2019 मधला क्रिकेट विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून अधिक लोक पाहत होते. सामना हातचा गेला की हे लोक एकदम ‘मागे’ जातात, मग व्हिडिओवरचा भार ओसरतो आणि होम पेज देणाऱ्या सर्व्हरवर गर्दी कोसळते. दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

मागणीनुसार व्हिडिओची अवघड बाजू वेगळी आहे. बहुतेक लोक मोजक्याच गोष्टी पाहतात, त्या पेटीत असतात. पण महिन्यातून चारच जण पाहतील असा जुना मराठी सिनेमा गावाजवळच्या पेटीत बसत नाही. तो मोठ्या साठ्याच्या, लांबच्या सर्व्हरवरून आणावा लागतो आणि सुरुवातीचं चक्र थोडं जास्त फिरतं. वर्गणी त्या चौघांनीही तेवढीच भरलेली असते. म्हणून सुरू होण्याच्या वेळेची सरासरी पाहून मी कधी समाधान मानत नाही. सर्वांत जास्त ताटकळलेल्या एक टक्का प्रेक्षकांचा आकडा आधी उघडतो.