गुडघे टेकणारी गाडी

जुन्या वस्तूंविषयीं आमच्या घरांत पूर्वापार दोन पक्ष आहेत. काकांच्या मतें दुसऱ्यानें वापरलेली वस्तु म्हणजे दुसऱ्याचें दुखणें. दादांच्या मतें नवी मोटार घेणारा मनुष्य म्हणजे पहिल्या चार वर्षांचा तोटा स्वतः सोसून पुढच्याची सोय करणारा परोपकारी गृहस्थ. आम्ही धाकटे असल्यामुळें दोघांच्याही बोलण्याला मान डोलावतों, आणि हेलपाटे तेवढे आमच्या वांट्यास येतात. २०२२ च्या श्रावणांत आठ वर्षें वयाची, १,६२,००० किलोमीटर चाललेली, सात आसनांची एक परदेशी बनावटीची एस्.यू.व्ही. आमच्या अंगणांत आली, ती अशीच दोन्ही पक्षांच्या मधून वाट काढीत आली. नवी असतां तिची किंमत सत्तर लाखांवर होती. आम्हांस ती अठरा लाखांना पडली.

ह्यांत हौसेचा भाग थोडा. खरें कारण आई. वर्षांतून एकदां पुण्याहून उंब्रज, पाटण करीत कुंभार्ली घाट उतरावयाचा आणि चिपळूणवरून गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास जावयाचें, हा आमच्या घराचा नेम. गुडघ्यांनीं दगा दिल्यापासून आईची ही वारी दोन वर्षें चुकली होती. ठेंगण्या गाडींतून तिला उठवत नसे आणि उंच गाडींत चढवत नसे. ह्या गाडीला पोलादी स्प्रिंगांच्या जागीं हवेनें फुगणाऱ्या रबरी पिशव्या आहेत. दलालाच्या आवारांत दादांनीं एक कळ दाबली आणि तें दोन टनांहून जड धूड उंटासारखें दोन-अडीच इंच खालीं बसलें. त्याच क्षणीं आमच्या घरचा निकाल लागला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि काका इतक्यानें वितळणारे नव्हेत. ते जन्मभर हिशेबनीस. त्यांचें म्हणणें असें कीं, अशा गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं; अठरा लाखांत गाडी घेणारा दुरुस्ती मात्र सत्तर लाखांच्या गाडीचीच करीत असतो. "हत्ती स्वस्त मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाहीं," असें म्हणून त्यांनीं अट घातली: गाडीची किंमत अठरा नव्हे, एकवीस धरावयाची, आणि वरचे तीन लाख वेगळ्या खात्यांत ठेवावयाचे. ती रक्कम त्यांनीं आपल्या मुदत संपलेल्या ठेवींतून काढून दिली.

किलोमीटरचा आंकडा ऐकून आमच्या मंडळींनीं नाक मुरडलें होतें. परंतु आंकडा मोठा म्हणजे गाडी वाईट, हें समीकरण आम्हांस आतां पटत नाहीं. ह्या गाडीचा पहिला मालक कारखानदार. नाशिक-मुंबई हा त्याचा नित्याचा रस्ता. हमरस्त्यावर एका वेगानें धांवणारें यंत्र शहरांत क्षणोक्षणीं थांबणाऱ्या यंत्राहून कमी झिजतें, आणि दर पंधरा हजारांना केलेल्या सर्व्हिसची नोंद येथें क्रमानें होती. ह्याच्या उलट, साठ हजारच चाललेली म्हणून दाखविलेली दुसरी एक गाडी! तिच्या ब्रेकच्या पायट्याचें रबर गुळगुळीत झालेलें, स्टिअरिंगचें कातडें तुळतुळीत. मेस्त्रींनीं स्कॅनर जोडतांच गिअरबॉक्सच्या स्मृतींतून लाखाहून अधिकचा आंकडा बाहेर पडला. समोरचा कांटा मागें फिरवितां येतो. गाडीच्या पोटांतल्या साऱ्या नोंदी फिरविणें मात्र प्रत्येकाला साधत नाहीं.

दिल्लीहून आलेली एक गाडीही दादांनीं पाहिली. ती आणखी चार लाखांनीं स्वस्त. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं राजधानीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मज्जाव केला, सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं तो उचलून धरला, आणि तेथील दणकट डिझेल गाड्या इतर प्रांतांत उतरूं लागल्या. पण परप्रांताचा ना-हरकत दाखला, येथील कर, नवा क्रमांक ह्या खटाटोपास आम्ही भ्यालों, हें कबूल केलेलें बरें.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. मेस्त्रींनीं दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, इंजिन थंड असतांना सुरू करून पाहा. दुसरी, गाडी रात्रभर उभी राहूं द्या आणि सकाळीं ती चारी पायांवर सारखी उभी आहे कीं नाहीं तें पाहा. कारण रबराला बारीक भेग असली तर चालत्या गाडींत पंप हवा भरीत राहतो आणि दोष झांकला जातो. काकांनीं हें काम आमच्यावर सोंपविलें. सहाला जावयाचें तें आम्ही साडेदहाला गेलों. गाडी धुवून रस्त्यावर आणलेली, बोनेट ऊन. "पाहिलीस ना?" असें संध्याकाळीं काकांनीं विचारलें, आणि आम्हीं "पाहिली" म्हणून सांगितलें.

त्या मार्गशीर्षांत आई गुहागरास जाऊन आली. कागदपत्रेंही वेळेवर आमच्या नांवें झालीं. (विकणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत कळवावें, असें १९८८ चा कायदा सांगतो, आळसानें पुष्कळ लोक हें लांबवितात.) पुढच्या आषाढांत एके सकाळीं पाहतों तों गाडी डाव्या पुढच्या पायावर बसलेली. कळ कोणीं दाबली नव्हती. मेस्त्रींनीं साबणाचें पाणी लावून बुडबुडे दाखविले आणि म्हणाले, "ही भेग कालची नाहीं." पुढच्या दोन्ही पिशव्या आणि हवा भरून भरून थकलेला पंप मिळून दोन लाख चाळीस हजार. पोलादी स्प्रिंगा बसविल्या तर ऐंशी हजार. पण मग गाडी कधीं गुडघे टेकणार नाहीं.

त्या रात्रीं ओसरीवर आम्हीं काकांना साडेदहाची गोष्ट सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. दादा मात्र बोलले, आणि तें आम्ही येथें लिहीत नाहीं. दादांचा कौल पोलादाकडे पडला. व्यवहार त्यांच्या बाजूस होता. आमचें तोंड तर बंदच झालेलें. आई आंतून म्हणाली, "माझ्यापायीं एवढे पैसे घालूं नका रे." काकांनीं गाडीच्या खात्याची वही काढली, तीन लाखांतून दोन लाख चाळीस हजार वजा केले, खालीं साठ हजार शिल्लक मांडली, आणि "हवेच्याच बसवा" म्हणून आंत निघून गेले.

२०२३ च्या मार्गशीर्षांत निघण्याच्या दिवशीं पहांटे पांचाला आम्ही अंगणांत आलों, तों काका बॅटरी आणि फूटपट्टी घेऊन आधींच उभे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चारी चाकांवरची उंची मोजावयाची होती. त्यांनीं फूटपट्टी आमच्या हातीं दिली आणि स्वतः वही उघडली. आम्हीं वांकून एकेक आंकडा सांगितला; त्यांनीं तो लिहून घेतला. मग दादांनीं कळ दाबली, गाडी खालीं बसली, आणि आई काठी आमच्याजवळ देऊन आपली आपण आंत चढली.