मागच्याला दिसले पाहिजे

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपल्या वाडवडिलांची म्हण. ती पायी चालणाऱ्यांच्या काळातली. पायवाटेवर पुढचा अडखळला, तर मागच्याला पाऊल आवरायला वेळ मिळे. आता पायवाटांचे डांबरी रस्ते झाले, त्यांवरून ट्रक-टेम्पो धावू लागले आणि शेतकऱ्याच्या दारात सायकलच्या जागी मोटारसायकल आली. रात्रीच्या रस्त्यावर ती म्हण उलटी झाली आहे. तिथे पुढच्यानेच आधी शहाणे व्हावे लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी शेती खात्यातला माणूस. बियाणे, खते, कीड-रोग हा माझा विषय. तो सोडून मी मोटारसायकलच्या मागच्या दिव्यावर का लिहितो, असे तुम्हांला वाटेल. पण तीस वर्षे गावोगाव फिरताना मी शिवार पाहिले तसा रस्ताही पाहिला. कृषिपंपाची वीज अनेक ठिकाणी अजून रात्रपाळीने येते, म्हणून मोटर सुरू करायला शेतकरी रात्री बाहेर पडतो. दूध घालायला तो पहाटे निघतो. बाजारचा माल घेऊन उजाडायच्या आत पोहोचायचे असते. आणि या प्रत्येक फेरीत गाडीवर ओझे असते.

ते ओझेच मागचा दिवा झाकते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवले की इंडिकेटर दिसत नाहीत. वैरणीचा भारा आडवा बांधला की मागचा दिवा, नंबरप्लेट, सगळेच गडप. खताचे पोते मागे कलले तरी तेच. दिवा चालू असतो, पण तो पोत्याला उजेड दाखवत असतो.

आमच्या भागात दूध गोळा करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. २०१९ सालच्या डिसेंबरात, पहाटे चारच्या सुमारास, डेअरीच्या वाटेवर मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोने त्यांना उडवले. टेम्पोवाला पळाला नाही. त्यानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेले. ‘मला दिसलेच नाहीत हो,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पंधराव्या दिवशी अण्णा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा गाडी गोठ्याशेजारी उभी होती. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, दिवा तर लागत हुता की. मी सवता बघितला हुता आदल्या सांजेला.’’ आम्ही गाडी सुरू करून पाहिली. दिवा खरेच लागला. वहिनी खोटे बोलत नव्हत्या, टेम्पोवालाही खोटे बोलत नव्हता. कॅन वाजू नयेत म्हणून मध्ये घातलेले गोणपाट मागे लोंबत असे. दिवा त्याच्या आड होता.

ते पाहिल्यावर मी ठरवले की पिकाचे प्रात्यक्षिक घेतो तसे याचेही घ्यायचे. जानेवारीत, ऊसतोडीच्या दिवसांत, एका गावच्या सरळ रस्त्यावर अंधार पडल्यावर तीन मोटारसायकली उभ्या केल्या. एक रिकामी, एक दुधाचे कॅन लावलेली, एक वैरणीच्या भाऱ्याची. शंभर पावले मागे जीप उभी करून तिचे दिवे डिपरवर ठेवले आणि बायाबापड्यांसह सगळ्यांना जीपपाशी उभे केले. रिकाम्या गाडीचा लाल ठिपका स्पष्ट दिसला. कॅनच्या गाडीचा कडेने थोडासा. तिसरी गाडी कुठे आहे, हेच कुणाला सांगता येईना. एक आजीबाई जवळ जाऊन म्हणाल्या, ‘‘साहेब, नुसता भाराच उभा हाय की. माणूस कुठं दिसतोय?’’

आता थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही तेवढेच अंतर लागते, माल भरलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे वाटेत उभ्या किंवा सावकाश जाणाऱ्या गाडीला वाचवायचे तर ती निदान साठ-सत्तर मीटरवरून दिसली पाहिजे. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस इतक्या लांबून दिसत नाही.

म्हणून जादा दिवा घेण्याआधी असलेला दिवा पाहा. काचेवरचा चिखल पुसा. काही तरुण हौसेने त्यावर काळा कागद चिकटवतात, तो काढा. साध्या बल्बच्या गाडीत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ५ वॅटची नेहमीची आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकची. एक जळाली तरी दुसरी चालते, त्यामुळे बिघाड लक्षात येत नाही. दोन्ही तपासा. ब्रेकचा दिवा पायाच्या ब्रेकने लागतो आणि हाताच्या ब्रेकनेही लागतो का, तेही पाहा.

दुसरी पायरी परावर्तक पट्टीची. आपल्याकडे तिला ‘रेडियम’ म्हणतात, पण तिच्यात रेडियम धातू नसतो. रात्री गोठ्यात विजेरी मारली की गाईबैलांचे डोळे चमकतात ना, तसेच हे. जिकडून उजेड आला तिकडेच तो परत जातो. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायची अशी काचेची परावर्तके काढली. त्यांना नावच ‘मांजराचे डोळे’ असे पडले. पट्टीला वायर नको, बॅटरी नको. इंजिन बंद पडून गाडी कडेला उभी असली तरी ती काम करते. मात्र मागून येणाऱ्याचा दिवा तिच्यावर पडला तरच, आणि ती स्वच्छ असली तरच.

पट्टी विकत घेताना नुसत्या चकाकीला भुलू नका. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती दहा-पंधरा पावलांवर धरायला सांगा. विजेरी आपल्या डोळ्याशेजारी, गालाला लावून पेटवा. पट्टी जरा तिरपी केली तरी लखलखीत दिसली तर ती खरी. एकाच कोनात चमकून विझली तर तो नुसता चकचकीत कागद. मागच्या बाजूला लाल रंगाचीच पट्टी घ्या. ती गाडीपुरती ठेवू नका, ओझ्याच्याही मागे लावा. दुधाच्या कॅनवर कायमची चिकटवा. भाऱ्यासाठी हातभर जाड कापडावर शिवून ठेवा आणि दोर आवळताना सर्वांत शेवटी बाहेरून बांधा. आमच्या प्रात्यक्षिकात अशी पट्टी बांधताच तोच भारा शंभर पावलांवरून लाल दिसू लागला.

तिसरी पायरी जादा दिव्याची. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे दिवे मिळतात. निवडताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, रंग. मागे निळा, पांढरा, हिरवा दिवा लावू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागे लालच दिवा हवा. इंडिकेटर आणि नंबरप्लेटवरचा पांढरा दिवा एवढेच अपवाद. मागे पांढरा दिवा दिसला तर गाडी समोरून येते आहे असा समज होतो.

दुसरी, तेज. फार प्रखर दिवा चांगला नव्हे. तो मागच्याचे डोळे दिपवतो, शिवाय नेहमीचा दिवाच ब्रेकच्या दिव्याइतका भगभगीत असला तर आपण ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळत नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण त्यावरून अंतराचा अदमास येत नाही. स्थिर जळणारा लाल दिवा बरा.

तिसरी, जागा. एकच ठिपका लांब आहे की जवळ, हे अंधारात कळणे कठीण. दोन दिवे एकमेकांपासून अंतरावर असतील तर जवळ येताना त्यांच्यातले अंतर वाढत जाते आणि डोळ्याला अंदाज येतो. म्हणून कॅन अडकवायच्या लोखंडी चौकटीच्या मागच्या दोन टोकांना एकेक छोटा दिवा लावावा. वैरण नेहमी वाहणाऱ्याने सायकलचा सेलवर चालणारा लाल दिवा घ्यावा आणि भाऱ्यावर बांधावा. त्याला वायरिंग लागत नाही.

चौथी, वीज. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर वीज ओढतो. मोटारसायकलच्या लहानशा बॅटरीला तो भार जड जातो. एलईडीचे छोटे दिवे एक-दोन वॅटवर भागवतात, म्हणून तेच घ्यावेत. पण अनेक जुन्या गाड्यांत नेहमीचे दिवे बॅटरीवर चालत नाहीत, थेट इंजिनच्या कॉइलवर चालतात. इंजिन मंदावले की दिवा मंदावतो, बंद पडले की विझतो. चावी फिरवून इंजिन सुरू न करता दिवे लावून पाहा. हॉर्न वाजतो पण मागचा दिवा लागत नाही, असे झाले तर गाडी त्या प्रकारची. तिथे एलईडी दिव्याच्या वायरीत जोडला तर फडफडतो आणि लवकर जळतो. मेकॅनिककडून तो चावीनंतरच्या बॅटरीच्या वायरीवर, मध्ये फ्यूज घालून जोडून घ्यावा. नुसते पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळू देऊ नये. पहिल्या पावसातच तो जोड गंजतो.

पुढच्या दिव्याची काळजी आता कायद्यानेच घेतली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच राहतो. तो बिघडला तर रस्ता दिसत नाही, म्हणून आपण दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करतो. मागचा दिवा मात्र चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो दुसऱ्यासाठी असतो, आणि आपला जीव त्या दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतो.

म्हणून हे काम मी घरातल्या मंडळींवर सोपवतो. धनी रात्री निघाला की कुणीतरी दारापर्यंत येतेच, आई, घरधनीण, एखादे पोर. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती माणसे तिच्याकडे मागूनच पाहत असतात. टेम्पोवाल्याला जे दिसणार, तेच त्यांना दिसते. ओझे बांधून झाल्यावर, गाडी हलायच्या आत, त्यांनी वीस पावले मागे जाऊन पाहावे. लाल दिसले तर ‘या’ म्हणावे. नाही दिसले तर खुशाल हाक मारून थांबवावे. निघताना हाक मारणे आपल्याकडे अशुभ मानतात, पण ही हाक शुभच समजावी.