घंटी काढलेली सायकल

बेंगळुरूहून निघालेलं विमान मोपाला उतरायला लागलं की माझी लेक खिडकीतून समुद्र शोधते आणि मी सडा शोधतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. डिसेंबर २०२२ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं, तो या मोपाच्या सड्यावर. माझं आजोळ त्याच सड्याखालच्या एका गावात, पेडणे तालुक्यात. आज जिथे विमानाची चाकं टेकतात त्या बाजूला माझा मामा एके काळी सायकल घेऊन सशांच्या मागे जायचा. पूर्वी गोव्याला उतरायचं म्हणजे दाबोळीला उतरून तास-दीड तास गाडीने यावं लागे. आता विमानतळावरून घरी पोचायला बॅग मिळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. या सोयीचा मला आनंद होतो, आणि दर वेळी थोडं चुकल्यासारखंही वाटतं.

शिकार हा शब्द वाचून दचकू नका. या लेखात बंदूक आहे, पण ती जुनी. माझ्या सायकलवर फक्त कॅमेरा आणि आवाज टिपायचं छोटं यंत्र असतं. तरीही ही सायकल कशी तयार करायची ते मला शिकवलं एका शिकाऱ्याने, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, म्हणून त्यांची गणना ‘नव्या काबिजादीं’त होते. पलीकडे सावंतवाडी, दोडामार्ग. बोली, देव, सोयरिकी दोन्हीकडे मिसळलेल्या. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, तेव्हा मामा शाळकरी होता. घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली. रानडुक्कर एका रात्रीत भाताचा कुणगा उलटापालटा करतं, त्यामुळे गावात अशा काही बंदुका असायच्या. राखणीची बंदूक शिकारीलाही जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतरही काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने मिळू शकत. १९९१ च्या दुरुस्तीनंतर तोही मार्ग बंद झाला. मामा सांगताना काही लपवत नाही. “कायदा झाला हे कळलं होतं. आम्ही ऐकलं नाही,” एवढंच म्हणतो.

त्याची सायकल काळी, चोवीस इंची, दांड्याची. शिकारीच्या सायकलला आधी गप्प करावं लागतं, हा त्याचा पहिला धडा. मडगार्डचे पत्रे खडखडतात, म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येक स्क्रूखाली घालायच्या. कॅरिअरच्या स्प्रिंगला चिंधी गुंडाळायची. स्टँड काढून ठेवायचा. डायनामो चाकाला लागला की घरघरतो आणि सायकल थांबली की उजेड जातो, म्हणून तो नको, सेलची बत्ती डोक्याला बांधायची. पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून कटकट ऐकू येते, ती फ्रीव्हीलची. तिथे घट्ट ग्रीस भरायचं. आणि शेवटी घंटी काढून खिशात टाकायची, कारण खड्ड्यात चाक आपटलं की ती आपोआप किणकिणते. बंदूक गोणपाटात गुंडाळून पाठीला आडवी. सड्यावर पोचल्यावर सायकल चालवायची नाही, ढकलायची.

मे १९९७. मी तिसरी संपवून सुट्टीला आलो होतो. किती दिवस हट्ट केल्यावर मामाने एका रात्री मला बरोबर घेतलं. दांड्यावर टॉवेलाची घडी, त्यावर मी. चंद्र नव्हता. सड्यावर दिवसभर तापलेल्या दगडाची ऊब खालून येत होती. मामा सायकल ढकलत होता आणि त्याच्या कपाळावरचा उजेड गवतावरून हळूहळू फिरत होता. अचानक तो थांबला. समोर वीसेक पावलांवर दोन तांबडे ठिपके. मामाने सायकल कमरेला टेकवली, बंदूक पुढे घेतली. माझा हात हँडलवर होता. का ते आजही सांगता येत नाही, पण माझा अंगठा हलला आणि ट्रिंग झालं. ठिपके विझले.

मामा काही बोलला नाही. बंदूक परत पाठीवर टाकली आणि म्हणाला, “चल, मामी जेवायची थांबली असेल.”

त्यानंतर त्याने मला कधी शिकारीला नेलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत लोकसभेची निवडणूक होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामाने ती नेऊन दिली आणि निवडणूक झाल्यावर परत आणायला गेलाच नाही. माझ्या मनाने हिशेब पक्का केला होता. मी घंटी वाजवली, मामाला राग आला, आणि त्याची शिकार बंद पडली ती माझ्यामुळे. शिकार बंद झाली हे चांगलंच झालं, हे मोठेपणी कळलं. मामा माझ्यावर रागावला ही खंत मात्र तशीच राहिली.

चार वर्षांपूर्वी पक्षी बघायचा नाद लागला तेव्हा आजोळी ठेवायला म्हणून एक जुनी हायब्रिड सायकल घेतली. बीई कॉम्प्युटर झालेल्या माणसाचा स्वभाव असा की आधी कागदावर यादी आणि मग खर्च. तुमच्यापैकी कुणाला अशी सायकल करायची असेल तर माझी यादी घ्या. टायर जाड हवेत, बेचाळीस मिलिमीटरच्या आसपास. जांभा धारदार असतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरला की साबणासारखा निसरडा होतो. हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे टायर दगडाला धरून चालतो. कॅमेऱ्याची पिशवी मागच्या कॅरिअरला लावू नका, तिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात. हँडलची पिशवी आत फोम घालून वापरा किंवा सरळ पाठीवर घ्या. दोन जादा ट्यूब, पंप, दोन लिटर पाणी. ब्रेक चरचरत असतील तर रिम पुसून काढा. फ्रीव्हीलची कटकट टाळायची सोपी युक्ती म्हणजे उतारावरही पायडल अगदी हलके फिरवत राहायचं.

यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत. पक्षी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही. विणीच्या काळात नर बिचारा खाणंपिणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकायला येतो. आणि घरट्याचा फोटो टाकताना जागा सांगायची नाही. मामाच्या काळी चांगली जागा चार जणांना कळायची. आता एका संध्याकाळीत चार हजारांना कळते.

यंदा मे महिन्यात दोन फेऱ्या केल्या. पहिली डिचोलीची. पहाटे पाचला निघालो. हमरस्त्याने कोलवाळचा पूल, मग थिवी, अस्नोडा, मुळगाव करत डिचोली. तीसेक किलोमीटर. लहानपणी या बाजूला सायकलने यायला सक्त मनाई होती. खाणीचे ट्रक लोहखनिज भरून एकामागून एक धावत आणि रस्त्याकडेची झाडं, घरं, देवळांच्या भिंती सगळं तांबडं करून टाकत. “डिचोलीच्या रस्त्यावर माणसाचीच शिकार होते,” असं मामा म्हणायचा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. आता काही परत चालू होत आहेत. ट्रक थांबले तेव्हा कित्येक घरांचे हप्तेही थांबले. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचे दोन ट्रक अंगणातच गंजले. त्यामुळे ‘रस्ता किती शांत झाला’ असं मी त्या घरी बसून म्हणू शकत नाही. पण सायकलवर असताना शांतता ऐकू येते, हेही खरं.

मयेच्या तळ्यावर उजाडलं. पाणकावळे पंख वाळवत बसले होते. खंड्याने दोन बुड्या मारल्या आणि दोन्ही फुकट गेल्या. तिथून नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. देवळामागच्या झाडीत धनेशाचा आवाज आला. दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा आवाज ऐकू आला, कुणी जाड सतरंजी झटकावी तसा. गाडीत काचा लावून बसलो असतो तर तो आवाज कधीच कळला नसता.

दुसरी फेरी सड्याची, म्हणजे सड्याचा जो भाग कुंपणाबाहेर उरला आहे तिथली. संध्याकाळी वारखंडच्या बाजूने वर गेलो. एकीकडे धावपट्टीच्या दिव्यांचा उजेड, दुसरीकडे गवत, करवंदीची जाळी आणि काळोख. सायकल आडवी ठेवली, बत्ती विझवली, यंत्र चालू करून दगडावर बसलो. अर्धा तास काही नाही. एक विमान उतरलं. त्याचा गडगडाट विरल्यावर बऱ्याच वेळाने गवतातून आवाज आला, चक्, चक्, चक्, आणि शेवटी घाईघाईने चकचकचक. रातवा! विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नाही. मी श्वास धरून बसलो. सात मिनिटं टिपता आली.

घरी आलो तर मामा ओट्यावर वाट बघत होता. पंच्याहत्तरीला टेकलाय. कानाला यंत्र लागलंय, तरी निम्मं ऐकू येत नाही. मी सायकल लावेपर्यंत त्याचा ठरलेला प्रश्न आला, “गावलं काय?” शिकाऱ्याच्या घरचा प्रश्न. एरवी मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवतो आणि तो “बरे आहेत” म्हणतो. या वेळी त्याच्या कानातलं यंत्र काढलं, माझे मोठे हेडफोन लावले आणि आवाज वाढवत नेला.

बराच वेळ चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्याचं बोट वर गेलं. “रातवा,” तो म्हणाला. “तापलेल्या रस्त्यावर बसतो. बत्तीत याचे डोळे निखाऱ्यासारखे दिसतात. नवखा माणूस ससा समजून बार काढतो.” पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मामी आतून दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी हेडफोन काढत म्हणाला, “सुरुवातीला सायकल कटकटतेय तुझी. ग्रीस भर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मागे लागली, तिलाही यायचं होतं. मागच्या कॅरिअरवर लहान मुलाची बैठक बसवली, तिला हेल्मेट घातलं आणि निघालो. मामा काठी टेकत अंगणात आला. त्याने सायकलकडे बघितलं आणि विचारलं, “घंटी खंय?”

“काढून ठेवलीय. तूच शिकवलंस ना.”

“एकट्याने जाताना काढायची. पोर बरोबर असताना नाही.”

मी थांबलो. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. “मग त्या रात्री तू घंटी काढायला विसरला नव्हतास?”

“विसरेन कसा? तू दांड्यावर. सडा उतरल्यावर रस्ता, रस्त्यावर गाड्या, अंधार. घंटी लागणारच.” मग जरा हसला. “ती असली तर शिकार मिळायची नाही, हेही ठाऊक होतं. तरी नेलं तुला. तू हट्ट करत होतास.”

“आणि बंदूक? ती का नाही आणलीस परत?”

“आणायला जायचं म्हटलं की मामी विचारायची, कशाला? उत्तर सुचायचं नाही.”

मी आत जाऊन बॅगेतून घंटी आणली. मामाने ती हँडलला लावली आणि स्क्रू अंगठ्याने फिरवत घट्ट केला. लेकीने उतरून तिथेच चार वेळा वाजवून बघितली. मामाला ऐकू आली की नाही ठाऊक नाही, पण त्याने मान हलवली.

त्या सकाळी आम्हाला एकही पक्षी जवळून दिसला नाही. मागे बसलेल्या मुलीचा हात घंटीपर्यंत पोचत नाही, म्हणून ती दर वळणावर “बाबा, वाजव” म्हणायची, आणि मी वाजवत होतो.